काळ्या पाण्यावरचा घड्याळजी

सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटवर हाइड पार्क बराक नावाची तीन मजली विटांची इमारत आहे. ऑस्ट्रेलियातली कैद्यांशी निगडित अकरा ठिकाणे २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांतले हे एक. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले या बराकीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. दर्शनी भिंतीच्या माथ्यावरच्या त्रिकोणात एक गोल घड्याळ दिसते, भोवती गव्हर्नर मॅक्वारीचे नाव आणि १८१७ हे साल. इमारत एका कैद्याने आखली, कैद्यांनी बांधली आणि घड्याळही एका कैद्याने केले, हे कळले की घरची माणसे अडखळतात. काळ्या पाण्यावर गेलेला माणूस कोलू ओढतो, दगड फोडतो. तो घड्याळ कसे करील? त्याच्या हाती हत्यारे कोण देईल?

या घड्याळजीचे नाव जेम्स ऑटली. त्याचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी ती शिक्षा उलगडून पाहावी लागते, आणि मग घड्याळही उघडावे लागते.

ही शिक्षा नेमकी काय होती?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती, आणि त्यांत साध्या चोऱ्याही येत. एवढ्या माणसांना लटकवणे न्यायाधीशांनाही जड जाई. म्हणून मधला मार्ग निघाला: गुन्हेगाराला समुद्रापार वसाहतीत पाठवायचे आणि ठरलेली वर्षे त्याच्याकडून काम करून घ्यायचे. मुदत सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मभर. या शिक्षेला आपण इथे ‘हद्दपारी’ म्हणू.

आधी हे कैदी अमेरिकेत जात. तिथल्या वसाहतींनी बंड केल्यावर तो रस्ता बंद झाला आणि १७८८ मध्ये अकरा जहाजांचा पहिला ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागला. १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवटचे जहाज आले, तोवर सुमारे १,६२,००० माणसे तिकडे पाठवली गेली होती. त्यांत २५,००० च्या आसपास स्त्रिया होत्या.

आपले अंदमान याच कायद्याची पुढची फांदी. तिथली वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशस, पेनांग, सिंगापूर इथे जात असत. भारतीय दंड संहितेतून ‘समुद्रापार जन्मठेप’ हे शब्द १९५५ च्या दुरुस्तीने गेले आणि त्यांच्या जागी आजचा आजन्म कारावास आला.

पण सिडनी आणि सेल्युलर जेल यांचे चित्र डोक्यात एकच ठेवले तर ऑटलीचे आयुष्य कळणारच नाही. सिडनीत पहिली तीस वर्षे बहुतेक कैदी तुरुंगात राहतच नव्हते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अनोळखी रान. भिंतीची गरजच नव्हती. सरकारी कामावरचा कैदी सकाळपासून दुपारी तीनच्या सुमारापर्यंत सरकारचे काम करी. त्यानंतरचा वेळ त्याचा. त्या वेळात तो बाहेर मजुरी करी आणि त्यातून भाड्याच्या खोलीचे पैसे भागवी. दिवसभर मालकाच्या शेतात राबून संध्याकाळी स्वतःच्या तुकड्यावर जाणारा सालगडी डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच, की सालगड्याचे साल संपते आणि जन्मठेपवाल्याचे संपत नाही.

सुटकेचे तीन कागद

या व्यवस्थेत टप्प्याटप्प्याने मिळणारे तीन कागद होते.

पहिला ‘तिकीट ऑफ लीव्ह’. हा हाती आला की कैदी स्वतःसाठी काम करू शके, पण नेमून दिलेल्या जिल्ह्यातच, आणि वागणूक बिघडली तर कागद जप्त. आपल्याकडच्या पॅरोलशी त्याचे नाते आहे, पण पॅरोल काही दिवसांचा असतो आणि हा वर्षानुवर्षे चाले. अंदमानातही पुढे हीच पद्धत आली. तिथे अशा कैद्याला ‘सेल्फ-सपोर्टर’ म्हणत, म्हणजे स्वतःचे पोट स्वतः भरणारा.

दुसरा सशर्त माफीचा. वसाहतीत माणूस पूर्ण मोकळा, जमीन घ्यावी, दुकान टाकावे; फक्त मायदेशी परतायचे नाही. तिसरा संपूर्ण माफीचा, तो मिळाला की परतही जाता येई.

हे कागद वर्षे मोजून मिळत तसे उपयोग पाहूनही मिळत. लॅकलन मॅक्वारी १८१० ते १८२१ गव्हर्नर होता. त्याला शहर उभे करायचे होते आणि कारागीर हवे होते. बराकीचा आराखडा करणारा फ्रान्सिस ग्रीनवे हा ब्रिस्टलचा वास्तुविशारद, खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्यात फाशी सुनावलेला आणि मग चौदा वर्षांवर सुटलेला. १८१९ मध्ये बराक उघडली तेव्हा त्याला संपूर्ण माफी मिळाली.

ऑटली आला, तेव्हा

जेम्स ऑटली मूळचा इंग्लंडच्या स्टॅफर्डशरचा, धंद्याने घड्याळजी. १८१४ मध्ये चोरीच्या गुन्ह्यात त्याला जन्मभराची हद्दपारी झाली आणि १८१५ मध्ये तो सिडनीला पोचला. तेव्हा तो चाळिशी ओलांडून बराच पुढे गेलेला होता. कैद्यांच्या जहाजावर बहुतेक जण विशीतले, आणि त्यांच्यापुढे कुदळ-फावड्याचे आयुष्य. पंचेचाळिशीच्या माणसाचे कुदळीखाली काय झाले असते ते सांगायला नको. त्याला तारले ते हातातल्या कसबाने.

ते कसब सिडनीत इतके मोलाचे का होते? अधिकारी, व्यापारी, जहाजांचे कप्तान यांच्याकडे खिशातली घड्याळे होती. ती बंद पडली की इंग्लंडला पाठवायची, म्हणजे जायला कित्येक महिने आणि यायला तितकेच. जवळच दुरुस्त करणारा हात मिळाला तर त्याचा मालक कोण आणि त्याचा गुन्हा कोणता, हे विचारायला कोण बसतो?

खिशातले घड्याळ उघडल्यावर

त्या काळच्या सामान्य खिशातल्या घड्याळात गोगलगाईसारखी पोलादी कमान म्हणजे स्प्रिंग असते, ती एका डबीत. चावी दिली की ती ताणते आणि सैल होताना चाके फिरवते. अडचण अशी की ताणलेली कमान जोराने ओढते आणि सैल होत आली की मंद. तसेच ठेवले तर घड्याळ सकाळी पळेल आणि रात्री रेंगाळेल. म्हणून शंकूच्या आकाराची एक चक्री जोडलेली असते, तिला फ्यूझी म्हणतात. डबी आणि फ्यूझी यांच्यामध्ये सायकलच्या चेनसारखी, पण दोऱ्याएवढी बारीक साखळी. कमान जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, कमान थकते तेव्हा रुंद भागाला. विहिरीच्या रहाटाचे चाक मोठे असले की पोहरा हलका लागतो, तोच हिशेब.

दुरुस्तीला बसलेल्या माणसाची पहिली आणि न चुकवायची गोष्ट म्हणजे कमानीचा ताण उतरवणे. अडकण धरून, चावी हातात घट्ट पकडून, हळूहळू. ताण तसाच ठेवून चाके धरून ठेवणारी वरची पट्टी उचलली तर चाके एका क्षणात भर्रकन फिरतात, दाते मोडतात, बारीक आस वाकतात. मग काटे काढायचे, तबकडी सोडवायची, डोलचक्र, म्हणजे वेळ राखणारे डुलते चाक, त्याला धरणाऱ्या पुलासकट अलगद उचलायचे, खांबांच्या खिट्ट्या ओढून दोन्ही पट्ट्या वेगळ्या करायच्या. प्रत्येक भोक टोकदार लाकडी काडीने साफ करायचे. काडी काळी निघणे थांबेपर्यंत ती पुन्हा पुन्हा तासायची. आसाचे टोक झिजून खरबरीत झाले असेल तर घासून चकचकीत करायचे. भोक लांबोळके झाले असेल तर ते मोठे करून पितळेची बारीक नळी, म्हणजे बुश, ठोकायचा आणि त्यात नवे भोक पाडायचे. तेल सुईच्या टोकावर येईल एवढेच. जास्त दिले तर ते पट्टीवर पसरते आणि भोक कोरडे राहते.

तेलच सर्वांत जास्त छळते. तेव्हाचे तेल प्राणिज किंवा ऑलिव्हचे, ते हवेने घट्ट होत जाते आणि उष्णतेने आणखी लवकर. शिवाय सिडनीची समुद्राची हवा पोलादाला गंज आणते. गंज लागला की फ्यूझीची साखळी तुटते. इंग्लंडमध्ये या साखळ्या हॅम्पशरच्या ख्राइस्टचर्च गावात बायका आणि मुले डोळे फोडून बनवत. सिडनीत सुटा भाग मागवायचा म्हणजे वर्ष गेले, म्हणून तुटलेली कडी काढून उरलेल्या दोन कड्या नव्या खिळीने रिव्हेट करायच्या. खिळीची जाडी केसाच्या मापात. साखळी एका कडीने आखूड झाली तरी घड्याळ चालते.

पण घड्याळ त्याने ‘केले’ म्हणजे काय?

ही शंका रास्त आहे. खुद्द इंग्लंडमध्येही एका माणसाने एक घड्याळ पूर्ण करणे तेव्हा जवळजवळ संपले होते. कच्चा साचा लँकशरच्या प्रेस्कॉटमध्ये होई, पुरा करण्याचे काम लंडनच्या क्लर्कनवेलमध्ये किंवा कॉव्हेंट्रीत, आणि तबकडीवर नाव विकणाऱ्याचे. त्यामुळे तबकडीवर नाव आहे म्हणून प्रत्येक चाक त्यानेच कापले असे धरू नये. दुकानदार, जोडणारा आणि दुरुस्त करणारा ही एकाच माणसाची तीन रूपे होती.

पण इमारतीवरचे घड्याळ ही वेगळी जात. ते त्या इमारतीच्या मापानेच जोडावे लागते. बाहेरची तबकडी केवढी, यंत्र तिच्यापासून किती लांब, वजन उतरायला खाली किती जागा, घंटा कुठे टांगायची, हे जागेवर उभे राहूनच ठरते.

बराकीवरचे घड्याळ चालते कसे?

इथे कमान नाही, वजन आहे. पिंपासारख्या रुळावर दोर गुंडाळलेला, दोराला शिसे किंवा लोखंड टांगलेले. वजन खाली ओढते, रूळ फिरतो, चाकांची माळ फिरते. सोडून दिले तर वजन दाणकन तळाशी जाईल. म्हणून माळेच्या शेवटच्या चाकावर एक आकडा बसवतात, तो लंबकाबरोबर डुलतो आणि दर दोन झोक्यांना एकच दाता सुटू देतो. या आकड्याच्या आणि चाकाच्या जोडीला एस्केपमेंट म्हणतात. जत्रेत दाराशी उभा राहून एकेकालाच आत सोडणारा स्वयंसेवक असतो ना, तसा हा आकडा. आणि आत जाणारा प्रत्येक दाता जाता जाता लंबकाला हलकासा धक्का देतो, म्हणून लंबक थांबत नाही.

सेकंदाला एक झोका देणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. शेवटच्या चाकाला तीस दाते दिले तर ते मिनिटाला एक फेरा करते, कारण एका दात्याला दोन झोके लागतात. आता मिनिटाचा काटा तासाला एकदाच फिरायला हवा, म्हणजे मध्ये साठास एक असे प्रमाण लागते. ६४ दात्यांचे चाक ८ दात्यांच्या छोट्या चाकाला फिरवते, हे आठपट. त्यापुढे ६० दात्यांचे चाक पुन्हा ८ दात्यांच्या चाकाला, हे साडेसातपट. आठ गुणिले साडेसात साठ. घरातल्या उंच उभ्या घड्याळात ही मांडणी नेहमी सापडते. ऑटलीने अशीही घड्याळे केली, आणि स्थानिक लाल सीडर लाकडाच्या पेटीतली काही आजवर टिकली आहेत.

टोल पाडणारी माळ वेगळी आणि तिचे वजनही वेगळे. दिवसाला १५६ टोल पडतात (एक ते बाराची बेरीज ७८, दोनदा), त्यामुळे ते वजन जड लागते आणि दोरही लवकर झिजतो. दोर तुटला तर वजन मजले फोडत खाली जाते, म्हणून वजनाच्या वाटेच्या तळाशी वाळूची पेटी ठेवण्याची पद्धत आहे. बाहेरच्या काट्यांना वारा ढकलतो, पक्षी त्यांवर बसतात. काट्याच्या शेपटीला तोलाचे वजन दिले नसेल तर तो चढताना जड आणि उतरताना हलका होतो आणि वेळ डगमगते.

लंडनचे घड्याळ सिडनीत मागे पडते

लंबकाची गती गुरुत्वाकर्षणावर असते, आणि ते पृथ्वीवर सगळीकडे सारखे नाही. ध्रुवांकडे जास्त, विषुववृत्ताकडे कमी. लंडनला ते ९.८१२, सिडनीला ९.७९७ मीटर प्रति सेकंद वर्ग. फरक हजारात दीड एवढाच. पण लंडनमध्ये अचूक जुळवलेले लंबकाचे घड्याळ सिडनीत दिवसाला एक मिनिटाहून अधिक मागे पडते. मुंबईत आणले तर जवळपास दोन मिनिटे. घड्याळात दोष काहीच नसतो. लंबकाच्या तळाशी असलेली चाकी फिरवून गोळा दीडेक मिलिमीटर वर घेतला की सिडनीत वेळ जुळते. सेकंदाच्या लंबकात एक मिलिमीटर म्हणजे दिवसाचे सुमारे ४३ सेकंद, इतके ते नाजूक आहे. विलायतेहून आलेले घड्याळ मांडणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो उगीच चाके घासत बसेल.

दुसरा शत्रू उन्हाळा. लोखंडी दांडी तापली की लांबते, आणि दहा अंश वाढले की दिवसाला पाचेक सेकंद जातात. म्हणून पुष्कळ जण वाळवलेल्या सरळ लाकडाची दांडी पसंत करत. उष्णतेने लाकूड लांबीच्या दिशेने फारच थोडे वाढते. मात्र दमटपणा शिरू नये म्हणून तिला रोगण द्यावे लागते.

मग बरोबर वेळ कुणाला विचारायची?

तार नाही, रेडिओ नाही. उत्तर एकच, सूर्य. दुपारी सावली सर्वांत आखूड होते ते माध्यान्ह. पण इंग्लंडहून आणलेली छायाघडी सिडनीत निरुपयोगी. तिथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते आणि उलट्या दिशेने सरकते. आकडे उलटे कोरावे लागतात आणि छायाकाट्याचा कोन तिथल्या अक्षांशाचा, सुमारे ३४ अंश, द्यावा लागतो.

एवढे करूनही सूर्य आणि घड्याळ वर्षभर जुळत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यात छायाघडी घड्याळापेक्षा चौदा मिनिटे मागे असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे. याचा तक्ता पंचांगात छापलेला असे आणि घड्याळजी तो पाहून बेरीज-वजाबाकी करी. मॅक्वारीने ऑटलीला शहराच्या घड्याळाची राखण सोपवली होती. चावी देणे आणि तेल घालणे हा त्या कामातला सोपा भाग. शहराची वेळ कुठे चुकते आहे ते हेरणे हा खरा.

बराकीला घड्याळ कशाला हवे होते?

आता दुपारी तीनकडे परत येऊ. तीननंतर कैदी मोकळे असत, काही दारू पीत, काही चोऱ्या करत, आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी तक्रारी करत. मॅक्वारीने त्यावर काढलेला उपाय म्हणजे ही बराक. तीन मजले, प्रत्येकावर चार खोल्या, खोल्यांत रांगेने टांगलेल्या कापडी झोळ्या, सुमारे सहाशे पुरुषांची सोय. पुढे गर्दीच्या दिवसांत याच्या दुपटीहून जास्त माणसे कोंबली गेली. आता रात्री आत, पहाटे घंटा, हजेरी, काम, पुन्हा हजेरी. काम दुपारी तीनला सुटणे बंद झाले. ते सूर्यास्तापर्यंत लांबले.

जी मोकळी दुपार कारागीर कैद्याला स्वतःच्या पायावर उभी करीत असे, ती या इमारतीने बहुतेकांची काढून घेतली, आणि त्या इमारतीच्या कपाळावरचे घड्याळ ऑटलीचे. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. वेळ मोजण्याच्या कलेने त्याला मोकळे केले आणि त्याच कलेने बाकीच्यांचा दिवस बांधला गेला. त्याला दोष देण्याचा प्रश्न नाही. जन्मठेपेच्या कैद्याला गव्हर्नरचे काम नाकारता येत नसते.

ही शिक्षा होती की बढती?

त्या काळीही हा आक्षेप होता, आणि तो लंडनपर्यंत गेला. १८१९ मध्ये जॉन थॉमस बिग यांना चौकशीसाठी पाठवण्यात आले. मॅक्वारी कैद्यांना फार सवलती देतो, इमारतींवर फार खर्च करतो, चांगले कारागीर सरकारी कामाला अडकवून ठेवतो, असा त्यांच्या अहवालांचा सूर होता. हद्दपारीचा धाकच उरला नाही, ही खरी चिंता.

ऑटलीकडे पाहिले तर आक्षेप खरा वाटतो. १८२१ मध्ये सशर्त माफी, जॉर्ज स्ट्रीटवर दुकान, पुढे जमिनी. पण त्याच बराकीतल्या दुसऱ्याकडे पाहा. उद्धट बोलला, कामावरून पळाला, तर पंचवीस, पन्नास, कधी शंभर फटके. पायात बेड्या घालून रस्त्याचे काम. त्याहून पुढे नॉर्फक बेट, दूर समुद्रातली कडक शिक्षेची वसाहत. एकाच शिक्षेची ही दोन टोके होती, आणि कैदी कुठल्या टोकाला जाईल हे पुष्कळदा गुन्ह्यापेक्षा त्याच्या हातातल्या धंद्यावर ठरे. विणकर, शेतमजूर, खिसेकापू यांना हा दरवाजा नव्हता. शिवाय सशर्त माफी म्हणजे गाव कायमचे तुटले. ऑटलीने १८३१ मध्ये मिळालेल्या १७५ एकरांना नाव दिले नीडवुड फॉरेस्ट. ते स्टॅफर्डशरमधल्या त्याच्याकडच्या रानाचे नाव.

आणि ती जमीन कुणाची होती?

हा प्रश्न आज ऑस्ट्रेलियातच जोरात विचारला जातो आणि तो टाळू नये. सिडनीची जागा गडिगल या मूळ रहिवासी लोकांची. आसपासच्या नद्यांकाठी त्यांच्यासारखेच इतर समूह हजारो वर्षे राहत होते. गव्हर्नर एकर वाटत होते ते त्यांना न विचारता, न मोबदला देता. इंग्लंडने एका माणसाला त्याच्या भूमीतून उचलले आणि दुसऱ्याची भूमी देऊन मोकळे केले.

ऑटली १८३९ मध्ये वारला. त्याचा याच नावाचा मुलगा १८६२ मध्ये सिडनीचा महापौर झाला. बराकीतून शेवटचे कैदी १८४८ मध्ये हलवले गेले आणि मग तिथे स्थलांतरित स्त्रिया उतरू लागल्या. पुढे जमिनीच्या लाकडी फळ्या उचलल्या तेव्हा खाली उंदरांच्या बिळांत कापडाचे तुकडे आणि रोजच्या वापरातल्या बारीकसारीक वस्तू जशाच्या तशा सापडल्या. नीडवुड फॉरेस्टच्या जागी आता सिडनीचे दक्षिणेकडचे उपनगर आहे. १८८५ मध्ये तिथे रेल्वे स्टेशन झाले, आणि त्याच्या पाटीवर आजही नाव आहे ऑटली.